इस्तव्यांच्या घरची पळी

चुकून लागलेला फोनसुद्धा काका लगेच ठेवत नसत. "इस्तवे बोलून राह्यलो," अशी सुरुवात व्हायची. पलीकडून "कोण?" असं आलं की काका खुर्चीत सावरून बसायचे, कारण त्यांना तोच प्रश्न हवा असायचा. "इस्तवे. म्हणजे इस्तो देणारे. तुमच्या पुस्तकात विस्तव म्हणतात, त्याले आम्ही इस्तो म्हणतो. माचिस नव्हती ना बाप्पा तवा, साऱ्या गावाच्या चुली आमच्या घरच्या इस्त्यावर पेटत." क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलींना त्यांनी हे ऐकवलंय, गॅस बुक करताना बोलणाऱ्या यंत्राला ऐकवलंय, आणि एकदा नागपूरच्या एका माणसाला, जो बिचारा आपल्या मेव्हण्याला शोधत होता. त्या माणसाने शेवटी स्वतःचंही आडनाव सांगून टाकलं. काकांनी त्याचाही अर्थ लावून दिला. तो कुठून काढला ते देवाला ठाऊक.

मी जनावरांची डॉक्टर. बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरपासून आत असलेल्या त्यांच्या गावी बदली होऊन गेले तेव्हा नवऱ्याचं घर सोडून मला वर्षही झालं नव्हतं. आम्ही साताऱ्याकडची माणसं, मला तिथलं कुणी ओळखीचं नाही. खोली शोधायला निघाले तर जो तो विचारायचा. मिस्टर काय करतात, ते काऊन नाही आले, तुम्ही कोणत्या समाजाच्या, घरात काय रांधता. इस्तवेकाकांनी काहीच विचारलं नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पाणी सकाळी येते. मोटर मी लावतो." मी न राहवून म्हटलं, "काका, माझ्याबद्दल काही विचारायचं नाही का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वावगं बोलले होते. "इस्तव्याच्या घरात इचारत नाहीत, डॉक्टरबाई." त्या दिवसांत मला कुणी याहून मोठं काही देऊ शकलं नसतं.

हा त्यांच्या घरचा कायदा होता. काकांच्या सांगण्याप्रमाणे तो आडनावाइतकाच जुना. कुणीही दारात यावं, इस्तो मागावा. कोणत्याही जातीचा, कोणत्याही वेळी. त्याला नाही म्हणायचं नाही, आणि कायले पायजे म्हणून विचारायचं नाही. काका हे सांगताना छाती फुगवायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून भांडं आपटायच्या. "हाव, इचारत नाहीत," त्या एकदा मला म्हणाल्या. "लग्न झालं तवापासून यायनं मले एकदा इचारलं नाही का तुले काय पायजे."

तर या कायद्यापायी घरात मागच्या खोलीत चूल बारमाही पेटलेली असायची. स्वयंपाक पुढच्या खोलीत गॅसवर. चूल नुसती तेवत ठेवायला. रात्री काका गोवरीवर राख पसरून निखारा झाकत, पहाटे फुंकून जागा करत. या चुलीपायी ते कधी कुठे मुक्कामाला गेले नाहीत. बुलढाण्याला साडूच्या पोराचं लग्न असलं तरी अक्षता पडल्या की एसटी गाठायचे. वैशाखात, बाहेर ऊन मी म्हणत असताना, या चुलीचा धूर माझ्या खोलीत यायचा आणि मी चिडून खोकत दार उघडायची. काका शांतपणे म्हणायचे, "शेतातून येते तो, तुम्हाले वाटते." धूर समोरून येतोय हे दिसत असताना माणूस इतकं निर्लज्ज बोलू शकतो, याचा मला दर वेळी नव्याने धक्का बसायचा.

चुलीच्या वरच्या भिंतीवर पळ्या टांगलेल्या होत्या. लोखंडी, लांब दांड्याच्या, इस्तो द्यायच्या. साऱ्या एका हातच्या, गावच्या जुन्या लोहाराने घडवलेल्या. दांड्याला पीळ, आणि टोकाला गाईच्या शिंगासारखा वळवलेला आकडा. शेजारच्याने पळीत निखारे न्यायचे, चूल पेटवायची आणि पळी परत आणून द्यायची, अशी रीत. रांगेत एक खिळा मात्र रिकामा होता. त्यावर काका कपडा वाळत घालू देत नसत, पिशवी अडकवू देत नसत. "आमच्या घरची एक पळी गावाकडं बाकी हाये," ते सांगायचे. "माह्या आज्याच्या काळात कोणी नेली, वापस आली नाही. ते सापडली का झालं. लोक म्हणतात ना इस्तवे नाव कायवरून पडलं, त्याइले दाखवतो. तीन पिढ्या झाल्या तरी गावात कोणाच्या तरी घरी आमची पळी हाये, याच्यावर अजून काय पुरावा पायजे?" गावातली काही टवाळ माणसं म्हणत, यांचा पूर्वज कुठेतरी चटका बसून पळाला म्हणून इस्तवे. ते काकांना फार लागायचं. म्हणून ते बाजाराच्या दिवशी भंगारवाल्यांचे ढीग उपसायचे. पळी मिळाली की होळीच्या दिवशी सगळ्या गावादेखत खिळ्याला लावायची, हे त्यांचं ठरलेलं होतं. गावची होळी त्यांच्याच चुलीच्या निखाऱ्यावर पेटायची. तो मान इस्तव्यांचा. वर्षभर ते त्या एका संध्याकाळवर जगायचे.

कायद्याचं एक प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलं. उन्हाळ्यात, वारं सुटलेलं असताना, एक माणूस दारात आला आणि इस्तो मागितला. काकांनी पळी भरून दिली. तो थेट शेतात गेला आणि धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत पेटवलं. वाऱ्याने आग शेजाऱ्याच्या कुंपणाला लागली, कुंपणापासून गोठ्याला. गाई सोडवल्या म्हणून वाचल्या. त्यांच्या भाजलेल्या पाठींना मलम लावून मी संध्याकाळी परत आले ती धुमसतच. "काका, इतकं वारं होतं. एका शब्दाने विचारायचं, कशाला नेतोस म्हणून!"

"मांगणारा मांगते, देणारा देते," काका म्हणाले. "त्यानं काय केलं ते त्याले इचारा."

इतका भला माणूस हे इतक्या सहज बोलला, याचं मला नवल वाटलं. पण मला न विचारता किल्ली देणारा हाच माणूस होता, म्हणून मी गप्प बसले.

पळी सापडली ती मलाच. गावाच्या पलीकडे बौद्ध वस्ती आहे, तिथल्या एका आजींची शेळी अडली होती. नातसून मला बोलवायला आली. थंडीचे दिवस. पिल्लू एकदाचं बाहेर आलं, पण गारठलेलं. मी म्हटलं, निखारे आणा, शेक द्यायला हवा. नातसून भांडं शोधायला लागली. माझी नजर बाजेखाली गेली. तिथे ट्रंकेच्या आड एक लोखंडी पळी होती. दांड्याला पीळ, टोकाला शिंगासारखा आकडा. मी म्हटलं, "ती घ्या की, ती पळी."

"तिच्यात इस्तो घेत नाही आम्ही," आजी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण नातसून जागच्या जागी थांबली. निखारे शेवटी एका फुटक्या घमेल्यात आणले. पिल्लू जगलं.

मला काय कल्पना. मी घरी येऊन काकांना सांगितलं. ते चुलीपुढे बसले होते. त्यांनी माझ्याकडून आकड्याचं वर्णन करवून घेतलं, मग भिंतीवरची एक पळी काढून माझ्यापुढे धरली, "अशीच?" मी म्हटलं, अशीच. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला इतकं हरखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन मला म्हणाले, "चाला." जाताना वाटेत ते दोघातिघांना सांगत होते, "पळी सापडली आमची."

आजी अंगणात ऊन खात बसल्या होत्या. काकांनी पुडा त्यांच्यापुढे ठेवला आणि हात जोडले. "मी इस्तवे. इस्तवे म्हणजे, माय..."

"मले मालूम हाये इस्तवे म्हणजे काय," आजी म्हणाल्या. "मीनं पाह्यला हाये तुमचा इस्तो."

काका हसले. "पाह्यला? कवा?"

"आमच्या मान्साइनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्या साली. गावाले लय राग व्हता त्याचा." त्या काकांकडे न बघता सांगत होत्या, दाण्यातले खडे निवडावेत तशा सावकाश. "तवा समदे कूड कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्याचे, छप्परं बी पऱ्हाट्याचे. दुपारची वेळ. माय-बाप कामाले गेलते. लहान भाऊ पाळण्यात व्हता. मी त्याले निजवलं अन् पाण्याले गेली. वापस आली तं वस्ती पेटेल व्हती."

मी काकांकडे पाहिलं. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

"ज्यानं लावली तो पळी टाकून पळाला. मह्या मायनं ते राखंतून काहाडली. दांड्याचा पीळ पाहून वळखली. सारं गाव वळखे तुमची पळी."

"कोण व्हता?" काकांनी विचारलं. इस्तो नेणाऱ्याबद्दल काकांनी काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आजींनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, त्या घरची माणसं आजही गावात आहेत. काका त्यांच्याबरोबर रोज पारावर बसत.

"मायनं पळी पाटलाले दाखवली. पाटील म्हणे, इस्तव्याच्या घरचा इस्तो कोणीबी नेते, त्याचा काय गुन्हा?" आजींनी आता काकांकडे पाहिलं. "अन् ते इचारत नाहीत म्हणून तुम्ही सांगता ना सगळ्याइले, ते खरं नाही. पह्यले इचारत. आम्हाले वरून टाकत इस्तो, हात लागू देत नव्हते. पण तुमची पंजी इचारे, काय रांधतं वं आज? माय सांगे मले. त्या सालानंतर तुमच्या घरी इचारणं बंद झालं."

काका पेढ्यांच्या पुड्याकडे बघत राहिले. मग, सवयीनेच असेल, घराच्या दाराकडे हात करून म्हणाले, "ते पळी... वापस..."

"नाही देत," आजी म्हणाल्या. "त्याचं बारसं बी व्हयाचं राह्यलं व्हतं. फोटो नाही, आंगडं नाही, काईच नाही. त्याचं म्हणून येवढंच हाये मह्यापाशी." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "पेढे घेऊन जा तुमचे."

परत येताना वाटेत कुणीतरी विचारलं, "इस्तवेभाऊ, भेटली का पळी?" काकांनी मान हलवली. ती हो अशी की नाही अशी, त्या माणसाला कळलं नसावं.

घरी आल्यावर ते चुलीपुढे बसले आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. मी चहा आणून ठेवला. तो निवला तेव्हा बोलायला लागले. "मी लहान असतानी त्या खिळ्याले पतंग टांगला व्हता. आज्यानं थोबाडीत ठेवून देली. त्या माणसानं जिंदगीत मले बोट लावलं नव्हतं. मीनं रडत रडत इचारलं, इथची पळी कुठी गेली? तं म्हणे, इस्तव्याच्या घरात इचारत नाहीत." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी ते जिंदगीभर छाती फुगवून सांगत फिरलो, डॉक्टरबाई. आज्यानं ते पळी एकदाबी शोधली नाही. त्याले मालूम व्हतं ना कुठी हाये ते."

ज्याला मी घराण्याचा मोठेपणा समजत होते, ज्याच्या आडोशाला मी स्वतः राहत होते, तो एका म्हाताऱ्याने नातवाच्या थोबाडीत मारून तयार केलेला होता. काकू पाण्याची कळशी घेऊन आल्या. चुलीपाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "इझवू?"

"नको," काका म्हणाले. "इझवला तं आपण सुटलो."

मला वाटलं होतं, माणूस आता गप्प होईल, फोनवर बोलणं सोडेल. तसं काही झालं नाही. होळी आली. दिवस मावळायला डफ वाजवत गावची मंडळी दारात आली. इस्तो न्यायचा मान कुणाचा, तर आजींनी ज्याचं नाव घेतलं होतं त्याच्याच नातवाचा. पन्नाशीचा, भला, हसरा माणूस. माझ्याकडे त्याच्या म्हशी यायच्या. काका निखाऱ्यांनी भरलेली पळी घेऊन उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "कायले पायजे?"

मंडळी हसली. भाऊंनी यंदा नवीन गंमत काढली म्हणून. "होळीले, भाऊ. अजून कायले?"

"तुह्या आज्यानं नेला व्हता, तो कायले नेला व्हता?"

डफ थांबला. काकांनी सगळं सांगितलं. वस्ती, पाळणा, पळी, आपला आजा, त्याचा आजा. काही वगळलं नाही, आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर पळी पुढे केली. "आता घेऊन जा. मालूम करून घेऊन जा."

तो हात पुढे करेना. मागून कुणी म्हणालं, "जुनं हाये हो, कायले उकरता सणाच्या दिवशी." दुसरा म्हणाला, "म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला." गर्दीतल्या एकाने खिशातून माचिस काढून दाखवली. मंडळी वळली आणि डफ पुन्हा वाजू लागला, तो दारापासून लांब जाईपर्यंत. त्या वर्षी होळी आगकाडीने पेटली. काका उंबऱ्यात तसेच उभे होते. पळीतल्या निखाऱ्यांवर राख चढली तेव्हा काकूंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. मान गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी धुळवडीला त्यांच्या दारात कुणी रंग घेऊन आलं नाही, आणि पारावर काका जाऊन बसले की माणसं एकेक करून उठायची. मी वस्तीत शेळ्यांना लसी टोचायला गेले तेव्हा आजी मला म्हणाल्या, "बोलला म्हणे तो." मी हो म्हटलं. त्या शेळीचं दावं सोडवण्यात गुंतल्या.

त्यानंतर काका सगळ्यांना विचारायला लागले. विड्या पेटवायला आलेल्याला, गोठ्यात धूर करायला निखारे नेणाऱ्या बाईला. "कायले?" काकूंना विचारलं, "तुले काय पायजे?" तर त्या इतक्या बावरल्या की "काही नाही" म्हणून आत गेल्या आणि मग बाहेर येऊन म्हणाल्या की एकदा शेगावला मुक्कामी जायचंय. एके संध्याकाळी काकांनी मलाही विचारलं. "डॉक्टरबाई, इतके दिवस झाले, तुमच्या घरून कोणाचा फोन येत नाही. काऊन?" न विचारल्यामुळे मी ज्या घरात राहिले, त्याच घरात मी पहिल्यांदा कुणाला सगळं सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी फक्त म्हणाले, "आधीच इचाराले पायजे व्हतं मीनं."

माझी बदली झाली त्या आठवड्यातली गोष्ट. मी सामान बांधत होते. मागच्या खोलीत काकांचा फोन वाजला. कर्ज हवंय का म्हणणारी कुणी मुलगी असणार, तिचा बारीक आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"इस्तवे बोलून राह्यलो," काका म्हणाले. मग तोच प्रश्न आला असावा, कारण खुर्ची वाजली. "इस्तवे. म्हणजे इस्तो देणारे. आमच्या घरून एकानं इस्तो नेला, बाई, अन् आम्ही कायले म्हणून इचारलं नाही. त्यानं वस्ती पेटवली. पाळण्यातलं लेकरू जळालं."

मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. आधीच्यांनी ठेवले होते. पण तिने ठेवला नाही. मग तिने काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात.

"नाही बाई," काका म्हणाले. "त्याचं नाव ठेवणं राह्यलं व्हतं."